आजीने शिकवलेले विणकाम पुढे कसे न्यावे

प्रश्न असा आहे: लहानपणी आजीकडून दोन सुयांवरचे विणकाम शिकले. सुलट-उलट येते, मफलर आणि टोपडे जमते. पण स्वेटर विणायला घेतला की माप चुकते, वीण एकसारखी दिसत नाही आणि शिवण जाड येते. आता नवीन डिझाइन्स शिकावीत की आधी दुसरे काही करावे?

नवीन डिझाइन्स सध्या बाजूला ठेवा. तुम्ही सांगितलेल्या तिन्ही अडचणींचा डिझाइनशी संबंध नाही. आजीकडून शिकलेल्या माणसाचा हात बसलेला असतो, आणि तो पुस्तकातून किंवा व्हिडिओतून सहज बसत नाही. मात्र आजी बहुतेक वेळा एकाच जाडीची लोकर, ठरलेल्या दोन जोड सुया आणि घरातल्याच माणसांची मापे घेऊन विणत असे. म्हणून तिला "साठ टाके घाल, दीड वीत झाली की मुंढा काढ" एवढे पुरत असे. तो अंदाज खरोखर मोजलेलाच होता, फक्त तिच्या हाताचा, तिच्या सुयांचा आणि तिच्या लोकरीचा. यातले काहीही बदलले की साठ टाके साठच राहतात, पण त्यांची रुंदी बदलते. त्यामुळे पुढे जायला दोन गोष्टी लागतात: सुईवरचा टाका वाचता येणे आणि मोजून विणणे.

आधी टाका वाचण्याचे. सुईवर बसलेल्या प्रत्येक टाक्याला दोन पाय असतात, एक सुईच्या पुढे आणि एक मागे. नेहमीच्या पद्धतीत उजवा पाय पुढे असतो आणि सुलट टाका विणताना सुई त्या पुढच्या पायात जाते. उलट टाका विणताना धागा सुईवरून खाली घ्यायचा असतो. पण अनेकांना तो सुईखालून वर ओढून घेण्याची सवय असते, कारण ते सोपे आणि झटपट होते. तसे केले की पुढच्या ओळीत डावा पाय पुढे येतो. तरीही पुढच्याच पायात सुई घातली की टाक्याला पीळ बसतो. विणलेल्या तुकड्यावर सुलट बाजूने इंग्रजी व्हीसारखे उभे टाके दिसतात. ज्या टाक्याला पीळ बसला आहे त्याचे पाय खाली एकमेकांवर चढलेले दिसतात. अशी वीण कडक आणि अरुंद होते, ताणली जात नाही.

यावर उपाय दोन आहेत. उलट टाक्याला धागा वरून घ्यायची सवय लावायची, किंवा आजीची पद्धत तशीच ठेवून पुढच्या ओळीत सुलट टाका मागच्या पायातून विणायचा. दुसरा मार्गही पूर्ण बरोबर आहे, आणि हात तसा बसला असेल तर तो मोडू नये असे माझे मत आहे. एवढेच ध्यानात ठेवायचे, की डिझाइनमध्ये "दोनाचा एक" (दोन टाके एकत्र विणून एक करणे) असे लिहिलेले असते तिथे टाके नेहमीच्या पद्धतीने बसलेले गृहीत धरलेले असतात. तुमचे उलटे बसले असतील तर आधी एकेक टाका फिरवून घ्यायचा आणि मग दोनाचा एक करायचा.

वीण एकसारखी न दिसण्याचे दुसरे, आणि जास्त आढळणारे, कारण वेगळे आहे. विणलेला भाग उलट बाजूने उजेडात धरा. दर दोन ओळींनंतर एक आडवी खाच दिसत असेल तर तुमच्या उलट ओळी सुलट ओळींपेक्षा सैल पडत आहेत. उलट टाक्याला धागा थोडा जास्त लागतो आणि बोटावरची पकडही ढिली होते, त्यामुळे हा फरक होतो. धागा करंगळीला आणखी एक वेढा देऊन धरला की बऱ्याच जणांचे काम होते. तेवढ्याने भागले नाही तर उलट ओळ विणायची सुई एका नंबरने बारीक घ्या. गोल सुईची टोके बदलता येत असतील तर एका बाजूला 4 मिमी आणि दुसऱ्या बाजूला 3.75 मिमी लावून चालते. "हात घट्ट ठेव" हा सल्ला मात्र ऐकू नका. घट्ट हाताने मनगट दुखते आणि टाके सुईवर सरकत नाहीत. टाक्याचे माप सुईच्या जाड भागावर ठरते. निमुळत्या टोकावरच टाका ओढून घेतला तर तो लहानच राहतो.

बहुतेक आज्या एक नियम शिकवतात: प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता नुसता काढून घ्यायचा. मफलरला हा नियम चांगला, कड साखळीसारखी सुबक दिसते. पण ज्या कडेला शिवण येणार आहे किंवा जिथून टाके उचलून बटणपट्टी विणायची आहे, तिथे तो नुकसान करतो. दोन ओळींना कडेचा एकच लांबट टाका राहतो, शिवताना तो ओघळतो आणि भोके दिसतात. स्वेटरचा पुढा, पाठ आणि बाह्या विणताना कडेचा टाका प्रत्येक ओळीत विणा: सुलट ओळीला सुलट, उलट ओळीला उलट.

मफलरच्या कडा गुंडाळल्या जातात ही तक्रारही इथलीच. नुसती सुलट-उलट ओळींची वीण बाजूंनी मागे आणि खालून-वरून पुढे वळतेच, कारण टाक्याच्या दोन बाजूंचा ताण सारखा नसतो. पाणी मारून, दाबून हे जात नाही. चारही बाजूंना 5-6 टाक्यांची साबुदाणा वीण (एक सुलट एक उलट, आणि पुढच्या ओळीत सुलटाच्या डोक्यावर उलट) किंवा दोन्हीकडून सुलट वीण घातली तरच कापड सपाट पडते.

टाका गळाला तर घाबरून सगळे उसवू नका. आधी खालच्या गळलेल्या टाक्यात सेफ्टी पिन अडकवा. मग क्रोशाची सुई घेऊन सुलट बाजूने, पुढून त्या टाक्यात घाला, वरची पहिली आडवी दोरी पकडून टाक्यातून ओढा, मग त्यावरची, अशी एकेक पायरी चढत सुईपर्यंत या. आडवी दोरी चुकून सोडली तर मागे लोंबता धागा राहतो; पायऱ्यांचा क्रम मोडला तर तिथे गाठीसारखे जाड दिसते. सुईवर टाका परत ठेवताना उजवा पाय पुढे आहे ना, हे पाहा. जाळीचे काम असेल तर दर 15-20 ओळींनी सुताचा एक वेगळ्या रंगाचा धागा मोठ्या सुईने सगळ्या टाक्यांतून ओवून ठेवावा. चूक झाली तर तिथपर्यंत बिनधास्त उसवता येते.

आता मोजण्याकडे येऊ. पहिला घोळ सुयांच्या नंबरचा आहे. आपल्याकडच्या जुन्या सुयांवर जुने ब्रिटिश नंबर असतात आणि त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते: 8 नंबर म्हणजे 4 मिमी, 9 म्हणजे 3.75, 10 म्हणजे 3.25, 11 म्हणजे 3 आणि 12 म्हणजे 2.75 मिमी. अमेरिकन नंबर याच्या उलट चालतात, तिथे 8 नंबर म्हणजे 5 मिमी. इंटरनेटवरचे अमेरिकन डिझाइन आजीच्या 8 नंबरवर विणले तर स्वेटर सरळ एक-दोन मापांनी लहान येतो. म्हणून नंबर सोडून द्या आणि मिलिमीटर पाहा. सुईवरचा नंबर पुसला असेल तर भोकांची मापपट्टी मिळते, तिच्यातून सुई घालून बघावी.

दुसरा घोळ लोकरीच्या जाडीचा. लेबलवरच्या "4 प्लाय" या शब्दावर विसंबू नका, कारण किती पदर पिळले आहेत यावरून जाडी ठरत नाही. लेबलवर वजन आणि लांबी दोन्ही असतील तर हिशोब करा. 100 ग्रॅममध्ये साधारण 400 मीटर भरत असेल तर ती बारीक लोकर, तिला 3.25 मिमीच्या आसपासची सुई लागते. 100 ग्रॅममध्ये 220 ते 250 मीटर असेल तर ती मध्यम, डबल निटिंगची लोकर, तिला 4 मिमी. लांबी जितकी कमी तितकी लोकर जाड. मोठ्या बाईच्या पूर्ण बाह्यांच्या साध्या स्वेटरला मध्यम लोकर साधारण 400 ते 500 ग्रॅम लागते. दोऱ्यांची वेणी असलेले डिझाइन असेल तर त्याहून जास्त धरावी. सगळे गुंडे एकाच वेळी घ्या आणि शेड नंबरसोबत लॉट नंबरही, म्हणजे रंगवण्याच्या खेपेचा नंबर, जुळवून घ्या. शेड तीच असून लॉट वेगळा असला तर उन्हात पट्टा स्पष्ट दिसतो. वेगळा लॉट घ्यावाच लागला तर दोन्ही गुंडे आलटून पालटून दोन-दोन ओळी विणा, म्हणजे फरक विरून जातो.

नमुन्याचा तुकडा हा सर्वांत जास्त टाळला जाणारा भाग, आणि तुमचे माप चुकण्याचे खरे कारण बहुधा हेच आहे. तुकडा किमान 15 सेंमी रुंद आणि तितकाच उंच विणा, ज्या विणीत स्वेटर करायचा त्याच विणीत. मग स्वेटर जसा धुणार आहात तसाच तो धुवा, सपाट पसरून पूर्ण वाळू द्या आणि मगच मधले 10 सेंमी मोजा. कडेचे टाके मोजायचे नाहीत, ते वेडेवाकडे असतात. सुईवर असतानाच मोजलेला तुकडा फसवतो, कारण वरचे टाके सुईने ताणलेले असतात. अर्धा टाका आला तर तो अर्धाच लिहा, पुरा करू नका.

एक उदाहरण घेऊ. चार वर्षांच्या मुलाची छाती 56 सेंमी आहे. सैलपणा 6 सेंमी धरला तर स्वेटरचा घेर 62 सेंमी, म्हणजे पाठ 31 सेंमी रुंद. तुमच्या तुकड्यात 10 सेंमीत 22 टाके आहेत, तर 31 गुणिले 2.2 म्हणजे 68 टाके, शिवणीसाठी दोन्हीकडे एकेक धरून 70. आता समजा तुमचा हात सैल आहे आणि 10 सेंमीत 20च टाके बसतात, तरी डिझाइनमध्ये लिहिले म्हणून तुम्ही 70च घातले. शिवणीचे दोन सोडून 68 टाके 34 सेंमी भरतील आणि पूर्ण घेर 62 ऐवजी 68 सेंमी होईल. दहा सेंमीत दोन टाक्यांचा फरक म्हणजे मुलाच्या अंगावर सहा सेंमीचा ढगळपणा. पण टाके जमतील तसे वाढवू-घटवू नका. आधी सुई बदलून पाहा: तुकड्यात टाके कमी भरले तर सुई बारीक, जास्त भरले तर जाड.

बाहीचा हिशोबही असाच बसतो. मनगटाशी 36 टाके आणि दंडाशी 52 हवे असतील तर 16 टाके वाढवायचे, दर खेपेला दोन्ही कडांना एकेक, म्हणजे 8 वेळा. बॉर्डर सोडून बाही 22 सेंमी लांब हवी आणि 10 सेंमीत 28 ओळी बसतात, तर एकूण 62 ओळी मिळतात. त्यातल्या शेवटच्या 6 सरळ ठेवल्या तर 56 उरतात. वाढ एकदा 6 ओळींनी, एकदा 8 ओळींनी केली की 8 वेळा बरोबर बसते आणि प्रत्येक वाढ सुलट ओळीतच येते. वाढवताना दोन टाक्यांमधली आडवी दोरी डाव्या सुईवर उचला आणि मागच्या पायातून विणा, म्हणजे तिला पीळ बसतो. पीळ न देता विणली तर भोक पडते. ही वाढ अगदी कडेला न करता एक टाका आत करावी, शिवण सरळ जाते.

मोठ्यांच्या गोल सुईवर विणायच्या स्वेटरसाठी विणकामाच्या पुस्तकांच्या लेखिका एलिझाबेथ झिमरमन यांनी मांडलेली टक्केवारी फार कामाची आहे. अंगाच्या घेराचे एकूण टाके 100 धरायचे. मनगटाला त्याचे 20 ते 25 टक्के, दंडाला 33 ते 35 टक्के, गळ्याला साधारण 40 टक्के. लहान मुलांचे डोके आणि हात अंगाच्या मानाने मोठे असतात, म्हणून त्यांना मनगट आणि दंड थोडे वरच्या आकड्याने धरावे आणि गळा अधिक मोकळा ठेवावा.

मुंढा आणि गळ्याचा उतार काढताना आजी दोन्ही बाजूंना "दोनाचा एक"च करत असे. दोन टाके एकत्र सुलट विणले की टाका उजवीकडे झुकतो. एका बाजूला ते छान दिसते, दुसऱ्या बाजूला पायऱ्या दिसतात. डावीकडे झुकणारा टाका असा करायचा: दोन टाके एकेक करून, सुलट विणताना घालतो तशी सुई घालून, उजव्या सुईवर काढून घ्या. मग डावी सुई त्या दोघांच्या पुढून घाला आणि मागून एकत्र विणा. पुढ्याच्या उजव्या कडेला म्हणजे ओळीच्या सुरुवातीला हा, आणि ओळीच्या शेवटी साधा दोनाचा एक. दोन्ही कडांपासून दोन टाके आत हे केले तर उतारावर स्वच्छ रेघ उमटते. सगळ्या स्वेटरमध्ये एवढी एक सुधारणा केली तरी विणीची सफाई एकदम वाढते.

बॉर्डरला सुई अंगापेक्षा दोन नंबर बारीक घ्या, म्हणजे अंगाला 4 मिमी तर बॉर्डरला 3.25. आजीचा "अंगाला आठ, बॉर्डरला दहा" हा नियम अचूक होता. एक सुलट एक उलट विणताना धागा दर टाक्याला पुढे-मागे घेताना तो सुईवरून न जाता दोन सुयांच्या मधून गेला पाहिजे. वरून गेला तर अढी पडते, ओळीत एकेक टाका वाढत जातो आणि बॉर्डर पंख्यासारखी फाकते. टाके घालताना दोन सुया एकत्र धरण्याची सवय असेल तर सोडा. त्याने पहिली ओळ ओघळते. एकच सुई धरून दोन टाक्यांमध्ये थोडी जागा ठेवावी, कड आपोआप लवचिक होते. दुहेरी धाग्याने टाके घालताना शेपूट किती सोडावे यासाठी धागा सुईभोवती 10 वेळा गुंडाळून मोजा, त्या मापाने (दहा वेढे म्हणजे दहा टाके) हिशोब करा आणि वर 20 सेंमी जास्त ठेवा.

गळपट्टीत सगळ्यात जास्त स्वेटर वाया जातात. विणताना सगळे ठीक असते आणि घालायच्या वेळी डोके शिरत नाही. वर्षाच्या मुलाच्या डोक्याचा घेर साधारण 46 सेंमी असतो, पाच वर्षांच्या मुलाचा 51 सेंमीच्या आसपास. गळा तेवढा ताणला गेलाच पाहिजे. टाके बंद करताना दोन नंबर जाड सुई घ्या. किंवा असे करा: दोन टाके मागच्या पायांतून एकत्र विणा, झालेला टाका डाव्या सुईवर परत ठेवा, पुन्हा दोन एकत्र. ही कड ताणली जाते. बंद करण्याआधी टाके एका लांब धाग्यावर काढून मुलाच्या डोक्यातून घालून बघितले तर सर्वांत उत्तम. बाळासाठी खांद्यावर दोन बटणे ठेवावीत. गळ्याभोवती ओढायची नाडी किंवा रिबन ठेवू नये, ती गळ्याला आवळू शकते. बाळाच्या मोज्यांना आणि कुंचीलाही मोठी जाळी नको, त्यात बोटे अडकतात.

शिवण जाड येते कारण दोन कडा एकमेकींवर ठेवून टीप घातली जाते. दोन्ही तुकडे सुलट बाजू वर करून शेजारी ठेवा. बोथट सुईने एका तुकड्यातला पहिल्या आणि दुसऱ्या टाक्याच्या मधला आडवा दोरा उचला, मग समोरच्यातला, असे आलटून पालटून जा. दर 4-5 सेंमीनंतर धागा हळू ओढला की दोन्ही कडेचे टाके आत वळतात आणि शिवण बाहेरून दिसतच नाही. बाजूच्या शिवणी आणि बाह्या अशा जोडाव्यात. खांदे मात्र तीन सुयांनी एकत्र (दोन सुयांवरचे टाके शेजारी धरून तिसरीने) बंद केलेले बरे, तिथे ताण जास्त येतो. बटणपट्टीसाठी उभ्या कडेवरून टाके उचलताना दर 4 ओळींमागे 3 टाके. प्रत्येक ओळीला एक उचलला तर पट्टी झालरीसारखी लाटांची होते, फार कमी उचलले तर पुढा वर खेचला जातो.

धागा जोडताना मध्ये गाठ मारू नका. ती वर येते आणि पहिल्या धुण्यात सुटते. कडेला दोन्ही टोके 15 सेंमी सोडून नवा धागा सुरू करा आणि शेवटी टोके शिवणीत ओवून टाका.

धुण्याचा विचार लोकर घेतानाच करावा लागतो. ॲक्रिलिकला गरम इस्त्री किंवा वाफ लागली की वीण मरते, कापड लुळे पडते आणि परत येत नाही. ते धुवून सपाट वाळवले की पुरे. शुद्ध लोकर कोमट पाण्यात, न चोळता, न पिळता धुवावी. गरम पाणी आणि घासणे मिळाले की ती आटून नमदा होते. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबून पाणी काढावे आणि मापाला लावून सावलीत पसरावे. दोरीवर वाळत घातला तर पाण्याच्या वजनाने स्वेटर लांब होतो. कोकण-मुंबईच्या दमट हवेत सुती धागा जास्त उपयोगी पडतो, फक्त त्याला लवचिकपणा नसतो, म्हणून त्याची बॉर्डर आणखी बारीक सुईवर विणावी. पावसाळ्याआधी खऱ्या लोकरीचे कपडे ठेवताना आधी धुतलेले असावेत. कसर घामाच्या आणि अन्नाच्या डागांवर आधी लागते. स्वच्छ कपडा पूर्ण कोरडा करून बंद पिशवीत ठेवला आणि अधूनमधून उन्हाला काढला तर तो वर्षानुवर्षे टिकतो.